संशोधकाशेजारची खुर्ची

२३ डिसेंबर १९४७ च्या दुपारी न्यू जर्सीतील मरे हिल येथे, बेल लॅबोरेटरीजच्या एका खोलीत, वॉल्टर ब्रॅटन आणि जॉन बार्डीन यांनी आपल्या वरिष्ठांसमोर एक उपकरण चालवून दाखवले. जर्मेनियमच्या छोट्या तुकड्यावर सोन्याच्या पत्र्याचे दोन संपर्कबिंदू एकमेकांच्या अगदी जवळ टेकवलेले होते. एका टोकाला बोललेला आवाज दुसऱ्या टोकाला कितीतरी मोठा होऊन ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी ब्रॅटनने आपल्या प्रयोगवहीत काय जोडले होते, काय ऐकू आले आणि खोलीत कोण कोण हजर होते हे तारखेसह लिहून ठेवले. हा जगातला पहिला ट्रान्झिस्टर. पण जगाला त्याची बातमी कळली ती ३० जून १९४८ रोजी, न्यूयॉर्कमधल्या पत्रकार परिषदेत.

मधले सहा महिने ही गोष्ट गुप्त राहिली. त्या काळात शास्त्रज्ञ उपकरण समजून घेत होते, सुधारत होते. त्याच वेळी बेलचे पेटंट वकील जुनी पेटंटे उपसत होते. गटाचा प्रमुख विल्यम शॉकली याची इच्छा होती की पेटंटाचा अर्ज त्याच्या जुन्या कल्पनेवर उभा राहावा. बाहेरून विद्युतक्षेत्र लावून अर्धवाहकातला प्रवाह कमीजास्त करायचा, अशी ती कल्पना होती. तिच्यावर पेटंट मिळाले असते तर या विद्येचा सगळा मुलूखच बेलच्या ताब्यात आला असता. वकिलांना मात्र ज्युलियस लिलियनफेल्ड या भौतिकशास्त्रज्ञाची १९२० च्या दशकात अर्ज केलेली आणि १९३० च्या सुमारास मंजूर झालेली पेटंटे सापडली. त्यांत हीच मूळ कल्पना होती. तिच्यावर दावा ठोकला असता तर परीक्षकाने तो फेटाळला असता, किंवा पुढे न्यायालयात कुणीतरी तो पाडला असता. म्हणून वकिलांनी अर्ज बार्डीन आणि ब्रॅटन यांच्या नावाने, प्रत्यक्ष चाललेल्या संपर्कबिंदूंच्या रचनेवर केला. शॉकलीचे नाव त्यात आले नाही. तो दुखावला आणि ईर्षेने पेटून कामाला लागला. जानेवारी १९४८ मध्ये त्याने जंक्शन ट्रान्झिस्टरची कल्पना कागदावर आणली. पुढे व्यवहारात हीच रचना अधिक उपयोगी ठरली.

आता तारखा पाहा. बार्डीन आणि ब्रॅटन यांच्या पेटंटाचा अर्ज १७ जून १९४८ रोजी दाखल झाला, शॉकलीचा २६ जूनला आणि पत्रकार परिषद ३० जूनला झाली. हा क्रम योगायोगाने जुळत नाही. प्रयोगशाळा, वकील आणि व्यवस्थापन यांच्यात रोजचे बोलणे असल्याशिवाय तीन कामे अशी एकामागोमाग लागत नाहीत. या प्रकरणाचा विषय हाच आहे. मौल्यवान पेटंट कुणा एका हुशार माणसाच्या डोक्यातून थेट बाहेर पडत नाही. पेटंट जाणणारा माणूस कुठे बसतो, तो संशोधकाला कधी भेटतो आणि त्याचे कोण ऐकते, यावर त्या पेटंटाचे मोल बहुतांशी ठरते.

त्यासाठी आधी पेटंटात नेमके काय असते ते पाहू. पेटंटाचे दोन मुख्य भाग असतात. पहिल्या भागात शोधाचे वर्णन असते, आकृत्या असतात, त्या विद्येतल्या दुसऱ्या माणसाला तो शोध करून पाहता येईल इतका तपशील असतो. दुसऱ्या भागात क्रमांक घातलेली वाक्ये असतात. त्यांना दावे म्हणतात. हक्क मिळतो तो दाव्यांवर. जमिनीच्या खरेदीखतात पीक किती सुंदर येते हे कितीही लिहिले तरी मालकी ठरते ती चतु:सीमेवरून. दावे म्हणजे शोधाची चतु:सीमा. ती फार मोठी आखली तर कुणाच्या तरी जुन्या हद्दीत घुसते आणि रद्द होते, फार लहान आखली तर शेजारी तिला वळसा घालून निघून जातो. म्हणून जाणकार माणूस दावे थरांनी लिहितो. सर्वांत वर विस्तृत दावा, त्याखाली त्याच्यावर अवलंबून असलेले एकेक अट वाढवत जाणारे अरुंद दावे. वरचा पडला तरी खालचा उभा राहावा अशी ती योजना असते.

ही सीमा आखण्याचे सामर्थ्य किती मोठे असते, हे अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या पेटंटावरून कळते. त्याचा अर्ज १४ फेब्रुवारी १८७६ रोजी वॉशिंग्टनच्या पेटंट कचेरीत दाखल झाला आणि ७ मार्चला पेटंट मिळाले. तारेवरून समजेल असे पहिले वाक्य बेलने बोलून दाखवले ते त्यानंतर तीन दिवसांनी, १० मार्चला. म्हणजे पेटंट मिळाले तेव्हा टेलिफोन अजून बोलत नव्हता. पण अर्जाच्या पाचव्या दाव्यात कोणत्याही विशिष्ट उपकरणाऐवजी एक पद्धत पकडलेली होती: आवाजामुळे हवेत जशी कंपने होतात त्याच आकाराचे विद्युततरंग तारेत निर्माण करून बोलणे पोचवायचे. पुढे इतरांनी वेगळे आणि बेलपेक्षा चांगले ट्रान्समीटर बनवले. तरी बोलणे न्यायचे तर त्याच पद्धतीने न्यावे लागे, त्यामुळे ते सगळे या एका दाव्याच्या हद्दीत अडकले. शेकडो खटल्यांनंतर १८८८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे पेटंट चार विरुद्ध तीन मतांनी उचलून धरले. एका मतावर उभा राहिलेला हा निकाल एका कंपनीचे, आणि खरे तर एका उद्योगाचे, भवितव्य ठरवून गेला.

बेलकडे वॉशिंग्टनमधले निष्णात वकील होते. पण कंपन्या वाढल्या, संशोधन शेकडो माणसांच्या हाती गेले, तेव्हा बाहेरच्या वकिलाकडे कागद घेऊन जाणे अपुरे पडू लागले. बाहेरच्या वकिलाला शोध दिसतो तो पूर्ण झाल्यावर. प्रयोग करताना वाटेत सोडून दिलेले पर्याय, फसलेले पण अर्थपूर्ण प्रयत्न, शेजारच्या टेबलावरचा सहकारी सहज बोलून गेलेली गोष्ट, यांतले काहीच त्याच्या कानावर येत नाही. आणि विस्तृत दाव्याला आधार मिळतो तो बहुधा अशाच गोष्टींतून. संशोधकाला वाटते, मी अमुक मिश्रधातू वापरला. शेजारी बसलेला पेटंटवाला विचारतो, दुसरा धातू चालला असता का? तिसरा? का चालला असता? या प्रश्नांची उत्तरे देता देता संशोधकाला आपल्या शोधाचे मर्म सापडते. या संवादातून कित्येकदा नवा प्रयोग निघतो, आणि मला या साऱ्या व्यवस्थेचा तो सर्वांत मौल्यवान भाग वाटतो.

बेल लॅबोरेटरीजच्या पेटंट विभागाबद्दल एक हकीकत सांगितली जाते. कंपनीत काही थोड्या माणसांच्या नावावर इतरांपेक्षा कितीतरी जास्त पेटंटे का आहेत, याचा शोध तिथल्या वकिलांनी घेतला. शिक्षण, विभाग, वय यांत समान धागा सापडेना. अखेरीस सापडला तो असा की यांतले बरेच जण हॅरी नायक्विस्ट नावाच्या अभियंत्याबरोबर न्याहारी किंवा दुपारचे जेवण करत. नायक्विस्ट त्यांना आयत्या कल्पना देत नसे. तो नेमके प्रश्न विचारून त्यांना बोलते करत असे. हे लक्षात आले ते पेटंट विभागाच्या, याचे मला नवल वाटत नाही. कोण काय करतो, कुठून काय उगवते, याचा पूर्ण नकाशा कंपनीत दुसऱ्या कुणाकडेच नसतो.

याच बेल लॅबोरेटरीजमध्ये १९३० मध्ये चेस्टर कार्लसन नावाचा एक तरुण नोकरीला लागला आणि पुढे तिथल्या पेटंट विभागात गेला. मंदीत नोकरी गेल्यावर तो न्यूयॉर्कच्या पी. आर. मॅलरी या कंपनीच्या पेटंट विभागात आला. पेटंटांच्या नकला त्याला पुन्हा पुन्हा लागत, आणि नक्कल मिळवायची तर हाताने टंकावी किंवा छायाचित्रकाराकडे पाठवावी लागे. याच कामाच्या त्रासातून त्याच्या मनात कोरड्या छपाईची कल्पना आली. त्याने काय केले, तर आधी १९३७ मध्ये पेटंटाचा पहिला अर्ज केला. पहिली प्रतिमा काचेवरून कागदावर उमटली ती नंतर, २२ ऑक्टोबर १९३८ रोजी, न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागातल्या भाड्याच्या खोलीत. दिवसा नोकरी करून रात्री तो कायद्याचे शिक्षणही घेत होता. विसाहून अधिक कंपन्यांनी त्याला परत पाठवले. १९४४ मध्ये बॅटेल या संशोधन संस्थेने आणि पुढे रॉचेस्टरच्या हॅलॉइड या लहान कंपनीने त्याचा हात धरला. हीच हॅलॉइड पुढे झेरॉक्स झाली.

इथे एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट आहे. कार्लसनचे मूलभूत पेटंट ऑक्टोबर १९४२ मध्ये मंजूर झाले होते आणि त्या वेळच्या अमेरिकन कायद्यानुसार मंजुरीपासून १७ वर्षे टिकणार होते. म्हणजे ते ऑक्टोबर १९५९ मध्ये संपले. झेरॉक्सचे पहिले यशस्वी यंत्र, प्रसिद्ध ९१४, लोकांसमोर आले ते सप्टेंबर १९५९ मध्ये. मूळ पेटंट संपता संपता धंदा सुरू झाला! केवळ त्या एका कागदावर विसंबली असती तर कंपनी पहिल्याच वर्षी उघडी पडली असती. पण मधल्या पंधरा वर्षांत बॅटेल आणि हॅलॉइडच्या माणसांनी सेलेनियमचा लेप, भार देण्याची तऱ्हा, शाईची भुकटी, कागद हाताळणे अशा एकेका पायरीवर नवी पेटंटे घेत ठेवली होती. झेरॉक्सची सत्तरच्या दशकापर्यंतची जवळजवळ एकहाती सत्ता या नंतरच्या पेटंटांवर उभी होती. मूळ कल्पनेनंतर पंधरा वर्षे कंटाळा न करता नोंदी ठेवणारा विभाग नसेल, तर पहिल्या पेटंटाचा लाभ बहुधा दुसराच कुणीतरी घेतो.

पेटंटांच्या या भिंतीतून वाट काढली ती जपानच्या कॅननने. १९६० च्या दशकात कॅननने कॉपिअरच्या धंद्यात उतरायचे ठरवले तेव्हा झेरॉक्सची पेटंटे सगळीकडे पसरलेली होती. कॅननच्या पेटंट विभागातल्या माणसांनी, त्यांत पुढे जपानी उद्योगात फार मोठे नाव झालेले गिइची मारुशिमा होते, ती पेटंटे दाव्यादाव्यांनी वाचली. कुठपर्यंत हद्द आहे आणि कुठे मोकळी जागा उरली आहे, हे अभियंत्यांना समजावून दिले. त्यातून वेगळ्या रचनेच्या ड्रमवर आधारलेली एनपी ही पद्धत जन्मली, जी कॅननने १९६८ मध्ये जाहीर केली आणि तिच्यावर स्वतःची पेटंटे घेतली. पेटंट वाचणे हे संशोधनाच्या आधीचे काम आहे, ही सवय कॅननमध्ये मुरली. पुढे अमेरिकेत दरवर्षी सर्वाधिक पेटंटे मिळवणाऱ्या कंपन्यांच्या यादीत कॅनन वर्षानुवर्षे वरच्या जागी राहिली आहे.

पेटंटांची भिंत फार उंच झाली की सरकारही जागे होते, हेही याच गोष्टीत आहे. १९७५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीत झेरॉक्सला आपली पेटंटे प्रतिस्पर्ध्यांना परवान्याने खुली करावी लागली. त्याआधी १९५६ मध्ये बेलच्या पालक कंपनीने, एटी अँड टीने, सरकारशी केलेल्या समझोत्यात तोवरची ७,८२० पेटंटे अमेरिकन कंपन्यांना विनामोबदला वापरू देण्याचे मान्य केले होते. मला दोन्ही निर्णय योग्य वाटतात. मक्तेदारी समाजाने मुदतीपुरती दिलेली असते, आणि ती गैरवाजवी वाढली तर आवरायचा अधिकारही समाजाकडे राहायला हवा.

कॅननच्या अगदी उलट उदाहरण कोडॅकचे. झटपट छायाचित्रणात पोलरॉइडचे संस्थापक एडविन लँड यांनी आपला किल्ला पेटंटांनीच बांधला होता. स्वतः लँड यांच्या नावावर पाचशेहून अधिक अमेरिकन पेटंटे होती. १९७२ मध्ये पोलरॉइडचा एसएक्स-७० कॅमेरा आला आणि कोडॅकने आपली चालू योजना मोडून तशाच तऱ्हेच्या कॅमेऱ्याचा ध्यास घेतला. पेटंटांकडे कोडॅकने दुर्लक्ष केले असे म्हणता येणार नाही. नामांकित बाहेरचे वकील नेमले होते, पेटंटामागून पेटंटावर त्यांची मते घेतली होती. पण विकासाचे काम ज्यांच्या हाती होते त्यांना कंपनीच्या समितीने सांगून ठेवले होते की, पेटंटभंग होईल अशा कुणाच्या वैयक्तिक समजुतीने विकास अडखळू देऊ नका. म्हणजे वकील एका दालनात मत लिहीत होते आणि अभियंते दुसऱ्या दालनात कॅमेरा घडवत होते.

एप्रिल १९७६ मध्ये कोडॅकचा कॅमेरा लोकांसमोर आला आणि आठवड्याभरात पोलरॉइडने दावा लावला. १९८५ मध्ये बोस्टनच्या न्यायाधीश रिया झोबेल यांनी पोलरॉइडची सात पेटंटे वैध आणि भंग झालेली ठरवली. जानेवारी १९८६ मध्ये कोडॅकला हा सगळा व्यवसाय बंद करावा लागला. ग्राहकांच्या हातात एक कोटीहून अधिक कॅमेरे होते आणि त्यांना फिल्म मिळेना. १९९१ मध्ये कोडॅकने पोलरॉइडला ९२ कोटी ५० लाख डॉलर दिले. वकिलांचा सल्ला घेतला होता म्हणून न्यायालयाने भंग जाणूनबुजून केलेला मानला नाही, त्यामुळे भरपाई तिप्पट होण्यातून कोडॅक सुटले. सल्ल्याचा उपयोग झाला तो इतकाच. कॅमेऱ्याच्या आराखड्यापर्यंत तो पोचला असता तर कदाचित वेगळा कॅमेरा जन्माला आला असता.

सल्ला आराखड्यापर्यंत पोचला की काय होते, ते जिलेटच्या सेन्सर रेझरमध्ये दिसते. १९९० मध्ये तो बाजारात आला. स्प्रिंगवर तरंगणारी दोन पाती बसवायच्या अनेक रचना अभियंत्यांनी तयार केल्या होत्या. निवड करताना, गुळगुळीत दाढी कशाने होते या प्रश्नाबरोबर, कोणत्या रचनेला वळसा घालणे प्रतिस्पर्ध्याला सर्वांत जड जाईल हा प्रश्नही त्याच टेबलावर होता. निवडलेल्या रचनेवर, पात्यांपासून मुठीपर्यंत, वीसहून अधिक पेटंटे घेतली गेली. उत्पादनाची निवड आणि पेटंटाची निवड एकाच बैठकीत झाली.

अशी बैठक बहुतेक मोठ्या कंपन्यांत असते. संशोधक आपला शोध ठरावीक नमुन्याच्या टिपणात लिहून देतो. ते पेटंट समितीपुढे येते. समितीत पेटंट वकील असतो, त्या विद्येतला ज्येष्ठ अभियंता असतो आणि धंद्याची जबाबदारी असलेला माणूस असतो. यांतला एक जरी नसला तरी निर्णय एका बाजूला कलंडतो. नुसता वकील असेल तर जे मंजूर होण्यासारखे आहे ते मागितले जाते, मग ते कुणाला लागो न लागो. नुसता अभियंता असेल तर जे बुद्धीला चमकदार वाटते ते निवडले जाते. नुसता व्यवसायप्रमुख असेल तर या तिमाहीत विकले जाणार आहे तेवढेच दिसते, आणि पाच वर्षांनंतरचे सुटते. चांगली समिती विचारते की प्रतिस्पर्ध्याला हे वापरावेच लागेल का, आणि त्याने वापरले तर आपल्याला ते ओळखता येईल का. हा दुसरा प्रश्न नवख्यांना सुचत नाही. कॅमेरा दुकानातून आणून उघडता येतो. पण कारखान्याच्या बंद भट्टीत तापमान कोणत्या क्रमाने चढवले जाते, हे बाहेरच्या माणसाला कसे कळणार? त्यावर पेटंट घेतले तर आपली कृती आपणच छापून जगाला दिली आणि चोरी पकडण्याचे साधन मात्र हाती नाही, अशी गत होते. अशी कृती गुपित म्हणून ठेवणे बरे.

आणखी एक मार्ग असतो. शोध आपल्याला पेटंट घेण्याइतका मोलाचा वाटत नाही, पण उद्या दुसऱ्याने त्यावर पेटंट घेऊन आपली वाट अडवू नये असे वाटते. आयबीएमने यासाठी १९५८ पासून १९९८ पर्यंत टेक्निकल डिस्क्लोजर बुलेटिन नावाचे एक प्रकाशनच चालवले. असे शोध त्यात छापून टाकायचे. छापलेली गोष्ट नवी राहत नाही, त्यामुळे तिच्यावर नंतर कुणालाच पेटंट मिळत नाही. जगभरातल्या पेटंट परीक्षकांनी या बुलेटिनचा आधार घेऊन अनेक अर्ज नाकारले. हीच आयबीएम १९९३ पासून २०२१ पर्यंत सलग अमेरिकेत सर्वाधिक पेटंटे मिळवत होती आणि नव्वदच्या दशकात परवान्यांतून तिचे उत्पन्न वाढत वर्षाला एक अब्ज डॉलरच्या पुढे गेले. काय घ्यायचे इतकेच काय सोडायचे हेही तिथे विचारपूर्वक ठरत होते.

सोडण्याचे काम कंपन्यांना सर्वांत जड जाते. प्रत्येक पेटंट जिवंत ठेवायला प्रत्येक देशात ठरावीक मुदतीने शुल्क भरावे लागते, आणि बहुतेक देशांत ते वर्षागणिक वाढत जाते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डाऊ केमिकल या कंपनीत गॉर्डन पेट्राश यांच्याकडे हा कारभार आला तेव्हा कंपनीजवळ सुमारे २९ हजार पेटंटे होती आणि त्यांतली कोणती कोणत्या व्यवसायाच्या कामाची, हे एकत्रित कुणालाच ठाऊक नव्हते. पेट्राश यांनी प्रत्येक पेटंटाला एक व्यवसाय विभाग पालक म्हणून नेमून दिला. त्या विभागाने सांगायचे: हे आपण वापरतो, हे परवान्याने देता येईल, हे सोडून द्यावे. नुसत्या सोडलेल्या पेटंटांच्या शुल्कात दहा वर्षांत चार कोटी डॉलर वाचतील असा हिशेब निघाला. जी पेटंटे परवान्याने देण्याजोगी होती त्यांतून उत्पन्न सुरू झाले ते वेगळेच.

आता पुण्याकडे येऊ. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, जिला सगळे एनसीएल म्हणतात, १९५० मध्ये पाषाणला सुरू झाली. तिथले रसायनशास्त्र उत्तम होते, शोधनिबंध जगभर वाचले जात. पण १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यात औषधे, अन्न आणि रसायने यांच्या पदार्थावर पेटंट मिळत नव्हते, फक्त तयार करण्याच्या रीतीवर मिळे. शिवाय सरकारी प्रयोगशाळेचे काम म्हणजे परदेशी माल देशात बनवून दाखवणे, अशी समजूत होती. १९८९ मध्ये गोव्यातील माशेलचे आणि मुंबईच्या गिरगावात वाढलेले रघुनाथ माशेलकर एनसीएलचे संचालक झाले आणि त्यांनी ही दिशाच फिरवली. जगाने आपल्याकडून ज्ञान विकत घ्यावे, आणि घ्यायचे तर त्यावर आपली मालकी असावी, हा त्यांचा आग्रह होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकमधले एनसीएलचे काम जनरल इलेक्ट्रिकसारख्या (जीई) कंपनीने परवान्याने घेतले. ज्या क्षेत्रात जीई स्वतः जगात अग्रणी होती त्या क्षेत्रातले ज्ञान तिने पुण्यातून घेतले, याचा परिणाम देशभरातल्या प्रयोगशाळांच्या आत्मविश्वासावर झाला. १९९५ मध्ये माशेलकर एनसीएलची पालक संस्था असलेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे, महासंचालक झाले आणि पेटंटाची बाजू सांभाळणारी मध्यवर्ती यंत्रणा तिथे बळकट झाली.

त्या यंत्रणेची पहिली मोठी परीक्षा हळदीची. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्यासंबंधी पेटंट मिळाले. आपल्याकडे संतापाची लाट उसळली, आणि ती रास्त होती. पण अमेरिकन पेटंट कचेरीत संताप पुरावा म्हणून दाखल होत नाही. घराघरात आजी हळद लावते, हेही तिथे चालत नाही. तिथे छापील, तारीख असलेला मजकूर लागतो. सीएसआयआरने संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांपासून १९५३ च्या इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातल्या लेखापर्यंत ३२ संदर्भ गोळा केले, लागतील तिथे त्यांची भाषांतरे केली आणि १९९६ मध्ये फेरतपासणीची मागणी केली. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. बेलच्या वकिलांनी लिलियनफेल्डला शोधून काढले ते याच विद्येने. तिथे तिचा उपयोग आपला दावा वाचवायला झाला, इथे दुसऱ्याचा पाडायला. पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल ग्रंथसंग्रह उभा राहू लागला. आयुर्वेद, युनानी, सिद्ध ग्रंथांतले योग त्यात इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत परीक्षकांना समजेल अशा मांडणीने ठेवले आहेत.

पण याच संस्थेच्या अनुभवाची दुसरी बाजूही सांगायला हवी. संख्या हे यशाचे माप झाले की पेटंटे संख्येसाठी निघू लागतात. २०१७ मध्ये सीएसआयआरचे तेव्हाचे महासंचालक गिरीश साहनी यांनी उघडपणे सांगितले की, संस्थेच्या पेटंटांतली बरीच 'बायोडेटा पेटंटे' आहेत, म्हणजे शास्त्रज्ञाच्या कामगिरीच्या यादीत भर घालण्यासाठी सार्वजनिक पैशातून काढलेली. तीन वर्षांत पेटंटांच्या अर्जांवर ५० कोटींहून अधिक रुपये खर्च झाल्याचे त्यांनी म्हटले. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाने असे स्पष्ट बोलावे याचे मला कौतुक वाटते. आज हीच साथ आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत पसरली आहे. मानांकनात पेटंटाला गुण मिळतात म्हणून प्राध्यापक अर्ज करतात, अर्ज प्रसिद्ध झाला की पेटंट मिळाले असे फलक लागतात, आणि परीक्षणाची मागणीसुद्धा पुष्कळदा केली जात नाही. या अर्जांवर कुणी स्पर्धक अडत नाही, कुणी परवाना मागत नाही. खर्च होतो तो विद्यार्थ्यांच्या शुल्काचा.

यावर उपाय मोठ्या कंपनीलाच परवडतो असे नाही. नागपूरला केंद्र सरकारची बौद्धिक संपदा व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे प्रशिक्षण मिळते. पेटंट एजंटाची परीक्षा विज्ञानाच्या किंवा अभियांत्रिकीच्या पदवीधराला देता येते, त्यासाठी वकील असावे लागत नाही. कोल्हापूरच्या फाउंड्रीला किंवा नाशिकच्या सुट्या भागांच्या कारखान्याला पूर्ण विभाग नको. महिन्यातून एकदा एजंटाने कारखान्यात येऊन अभियंत्यांच्या टेबलाशी बसावे, एवढे पुरेसे आहे. त्याने कचेरीत बसून टिपणाची वाट पाहू नये.

आणि जे वाचक संशोधन करतात, त्यांना एक विनंती. भारतात थोडे अपवाद वगळले तर शोध आधी छापून आला, परिसंवादात मांडला किंवा प्रबंधातून ग्रंथालयात गेला की त्याचे नवेपण संपते आणि पेटंटाचा हक्कही जातो. त्याआधी प्रोव्हिजनल अर्ज करता येतो. त्यात दावे लिहावे लागत नाहीत, आणि पूर्ण अर्जासाठी त्यानंतर १२ महिने मिळतात. शैक्षणिक संस्थांना २०२१ च्या नियमांनुसार शुल्कात ८० टक्के सवलत आहे. तेव्हा शोधनिबंध पाठवण्याआधी एखाद्या चांगल्या पेटंट एजंटाला प्रयोगशाळेत बोलवा, वही उघडून दाखवा आणि त्याला मनसोक्त प्रश्न विचारू द्या. तो म्हणाला की यात पेटंटाजोगे काही नाही, तर निबंध निश्चिंतपणे छापा. आणि आहे म्हणाला, तर आधी अर्ज दाखल करा.